दातांच्या दवाखान्यातील उपकरणांचे निर्जंतुकीकरण : खुर्चीपासून ऑटोक्लेव्हपर्यंत आणि परत

दातांच्या दवाखान्यात निर्जंतुकीकरण बिघडते ते बहुधा यंत्रामुळे नव्हे, तर उपकरणांचे संच कमी पडतात म्हणून. सकाळच्या सत्रात बारा रुग्ण येणार असतात आणि तपासणीचे संच असतात सहा. मग साडेअकराच्या सुमारास आरसा, प्रोब आणि चिमटा कुठल्यातरी द्रावणात दहा मिनिटे बुडवून पुढच्या रुग्णासाठी बाहेर काढले जातात, आणि कोपऱ्यातला ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र) रात्री दवाखाना बंद करताना एकदाच लागतो. माझ्या स्वतःच्या दवाखान्यात पहिली काही वर्षे हेच चालत होते, म्हणून हा लेख एक-दोन खुर्च्यांच्या छोट्या दवाखान्यात काम करणारे दंतवैद्य आणि त्यांचे मदतनीस यांच्यासाठी, रोजच्या कामाच्या क्रमाने लिहीत आहे.

आधी संचांचा हिशेब

वापरलेला संच पुन्हा वापरण्याजोगा व्हायला किती वेळ लागतो, हे एकदा घड्याळ लावून मोजावे. भिजवणे आणि अल्ट्रासॉनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी उपकरणे धुणारे यंत्र) यांना साधारण १५ मिनिटे, धुणे, कोरडे करणे आणि पाऊचमध्ये (एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिक असलेल्या पाकिटात) भरणे यांना आणखी १५, आणि ऑटोक्लेव्ह तापण्यापासून आतले सामान वाळेपर्यंत ४५ ते ६० मिनिटे जातात. म्हणजे साडेदहाला वापरलेला आरसा पावणेबाराच्या आधी परत हातात येऊ शकत नाही, आणि त्याआधी आला असेल तर मधली कोणती तरी पायरी गाळली गेली आहे. आपल्याकडे बहुतेक दवाखाने सकाळ-संध्याकाळ अशा दोन सत्रांत चालतात, ही यात सोयीचीच गोष्ट आहे. एका सत्रातील सर्वाधिक रुग्णसंख्येपेक्षा तीन-चार संच जास्त ठेवले, तर दुपारच्या सुट्टीत सकाळचे सगळे संच तयार होतात आणि कोणालाही घाई करावी लागत नाही. तपासणीचे साधे संच फार महाग नसतात. अडचण येते ती एअरोटरच्या (हवेने फिरणाऱ्या, दात कोरण्याच्या यंत्राच्या) हँडपीसची, म्हणजे हातात धरायच्या भागाची, आणि त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

कोणत्या उपकरणाला काय लागते

अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी वैद्यकीय उपकरणांची केलेली वर्गवारी आजही सर्वत्र वापरली जाते. हिरडी, हाड किंवा रक्तवाहिन्यांपर्यंत जाणारी उपकरणे, म्हणजे दात काढण्याचे फोर्सेप्स, एलिव्हेटर (दात सैल करण्याचे उपकरण), स्केलरचे (दातांवरील कीटण काढण्याच्या यंत्राचे) टिप, शस्त्रक्रियेचे बर (कोरणारी फिरती टोके) इत्यादी, पूर्णपणे निर्जंतुक असलीच पाहिजेत. निर्जंतुक याचा अर्थ उष्णतेला चिवटपणे तोंड देणाऱ्या बीजाणूंसह एकही सूक्ष्मजीव जिवंत न उरणे. तोंडाच्या श्लेष्मल त्वचेला फक्त स्पर्श करणारी उपकरणे, म्हणजे आरसा, इंप्रेशन (दातांचा ठसा) घेण्याचा ट्रे, गालाचा रिट्रॅक्टर हीसुद्धा, उष्णता सहन करत असतील तर ऑटोक्लेव्हमध्येच गेली पाहिजेत. द्रावणातील जंतुनाशन हा पर्याय केवळ उष्णतेने खराब होणाऱ्या वस्तूंसाठी राखलेला आहे. खुर्ची, दिव्याचा दांडा, क्ष-किरण यंत्राचे डोके अशा अखंड त्वचेशीच संबंध येणाऱ्या गोष्टींना पृष्ठभागाचे जंतुनाशन पुरते.

ही वर्गवारी नीट समजली की काही जुन्या सवयी आपोआप गळून पडतात. उकळत्या पाण्याचे बॉयलर १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाहीत आणि त्या तापमानाला बीजाणू टिकून राहतात, म्हणून बॉयलर हे निर्जंतुकीकरणाचे साधन नव्हे. निळ्या दिव्याची अल्ट्राव्हायोलेट पेटीही तशी नाही, कारण तो प्रकाश फक्त समोर पडलेल्या पृष्ठभागावर पोचतो आणि चिमट्याच्या आतल्या बाजूला सावलीच राहते. आधीच निर्जंतुक केलेले पाऊच ठेवण्यासाठी ती वापरायला हरकत नाही. २ टक्के ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणाने खरोखर निर्जंतुकीकरण व्हायला १० तास लागतात. २० मिनिटे ते ४५ मिनिटांत मिळते ते उच्च पातळीचे जंतुनाशन. शिवाय त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वासमार्गाला झोंबते, त्यामुळे झाकण नसलेल्या ट्रेमध्ये ते दिवसभर उघडे ठेवणे म्हणजे मदतनिसाच्या फुप्फुसांवर अन्याय करणे होय.

रुग्ण खुर्चीतून उठल्यावर

पहिले काम दंतवैद्याचे आहे, मदतनिसाचे नाही. सुई, ब्लेड, बर आणि फाइल (दाताच्या मुळातील नलिका साफ करण्याचे बारीक उपकरण) ज्याने वापरली, त्यानेच ती ट्रेमधून काढावी आणि सुई व ब्लेड लगेच न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार टोकदार वस्तूंसाठी हाच डबा आहे. रक्ताने भिजलेला कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि प्लॅस्टिकचे सलायव्हा इजेक्टर (लाळ ओढून घेणाऱ्या नळ्या) लाल पिशवीत जातात. ज्या दातात चांदी भरलेली आहे तो मात्र वेगळा ठेवावा, कारण पिवळ्या पिशवीतील कचरा जाळला जातो आणि भरलेल्या चांदीतील पारा वाफेच्या रूपाने हवेत मिसळतो.

उरलेली उपकरणे कोरडी होऊ देऊ नयेत. रक्त आणि लाळ वाळली की ती धातूला सिमेंटसारखी चिकटतात. ताबडतोब धुणे शक्य नसेल तर त्यांवर एन्झाइमयुक्त द्रावणाचा फवारा मारावा किंवा ती त्या द्रावणात बुडवून ठेवावीत. सलाइनमध्ये किंवा हायपोक्लोराइटमध्ये ती बुडवू नयेत. दोन्हींमुळे स्टेनलेस स्टीलवर खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत घाण साठत राहते. उपकरणे नेताना झाकण असलेला कडक ट्रे वापरावा, हातात घेऊन कोणीही चालू नये.

ज्या टेबलावर निर्जंतुकीकरण चालते ते कितीही लहान असले, तरी त्याची दिशा एकच असावी : डावीकडे मळलेले येते, मध्ये धुणे आणि पाऊच भरणे होते, उजवीकडे ऑटोक्लेव्ह आणि त्यापुढे तयार सामान. मी टेबलाच्या मधोमध लाल चिकटपट्टी लावून घेतली आहे, आणि तिच्या पलीकडे एकदा गेलेली वस्तू तशीच परत अलीकडे येत नाही. धुण्याचे काम करणाऱ्याने जाड रबरी हातमोजे, मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि प्लॅस्टिकचा एप्रन घालावा. तपासणीचे पातळ हातमोजे या कामासाठी नाहीत. मदतनिसाला हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस, म्हणजे पहिला, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, मिळालेले आहेत ना, याची खात्री मालकाने करून घ्यावी. हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो.

स्वच्छ धुणे

जे स्वच्छ झालेले नाही ते निर्जंतुक होत नाही. वाफेचा स्पर्श उपकरणाच्या प्रत्येक भागाला झाला तरच जंतू मरतात, आणि वाळलेल्या रक्ताचा पातळ थरही वाफेला आत जाऊ देत नाही. म्हणून माझ्या मते दवाखान्यातील सर्वांत महत्त्वाचे यंत्र ऑटोक्लेव्ह नसून अल्ट्रासॉनिक क्लीनर आहे, आणि नव्याने दवाखाना टाकणाऱ्यांना मी ते पहिल्या दिवसापासून घ्यायला सांगतो. हाताने ब्रशने घासताना पाण्याचे शिंतोडे उडतात आणि बोट टोचण्याचा धोका असतो. यंत्रात ध्वनिलहरींमुळे द्रावणात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ब्रश पोचू शकत नाही अशा खाचांतून मळ सोडवतात.

ताजे द्रावण भरल्यावर यंत्र काही मिनिटे रिकामे चालवावे, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाते. उपकरणे जाळीच्या टोपलीत ठेवावीत, थेट तळावर नाही. फोर्सेप्स आणि कात्री उघडी ठेवावी, झाकण लावावे आणि उत्पादकाने सांगितलेला वेळ, बहुतेक यंत्रांत ५ ते १० मिनिटे, पूर्ण होऊ द्यावा. मध्येच आणखी एखादे उपकरण टाकू नये. द्रावण रोज, आणि गढूळ दिसल्यास त्याआधीच, बदलावे. यंत्र खरोखर काम करते की नुसते गुणगुणते, हे पाहण्यासाठी स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची फॉइल घेऊन तिचा तुकडा द्रावणात उभा धरावा आणि यंत्र २० ते ३० सेकंद चालवावे. फॉइलवर सगळीकडे सारखे बारीक खळगे आणि छिद्रे पडली पाहिजेत. एखादा पट्टा गुळगुळीत राहिला तर त्या जागी यंत्र धुतच नाही, असे समजावे. ही चाचणी महिन्यातून एकदा करावी.

नंतर वाहत्या पाण्याखाली उपकरणे खळखळून धुवावीत आणि चांगल्या उजेडात, भिंग घेऊन तपासावीत. दात काढण्याच्या फोर्सेप्सचा बिजागरीचा सांधा एकदा डोळ्यांजवळ धरून पाहा : बाहेरून चकचकीत दिसणारा फोर्सेप्स उघडला की दोन पात्यांच्या मध्ये केसाइतकी तपकिरी रेघ दिसते. ती गंजाची असेल तर ते उपकरण दुरुस्तीला किंवा भंगारात जाते, रक्ताची असेल तर पुन्हा धुण्यात. ती रेघ दिसेपर्यंत मीही माझे फोर्सेप्स स्वच्छ आहेत असेच मानत होतो.

पाऊच भरणे

उपकरण पूर्ण कोरडे करूनच पाऊचमध्ये घालावे. बिजागरीची उपकरणे उघडी ठेवावीत, टोकदार टोकांवर कागदी टोपण किंवा गॉजचा तुकडा लावावा, आणि पाऊच इतके ठासून भरू नये की शिवण ताणली जाईल. आत रासायनिक दर्शकाची, म्हणजे यंत्रातील उष्णतेने रंग बदलणारी, पट्टी ठेवावी. प्लॅस्टिकच्या बाजूवर तारीख आणि ऑटोक्लेव्हच्या फेरीचा क्रमांक लिहावा. कागदाच्या बाजूवर पेनची शाई आत झिरपू शकते. स्टीलच्या ड्रममध्ये सगळी उपकरणे एकत्र ठेवण्याची पद्धत अजूनही अनेक ठिकाणी आहे. पहिल्या रुग्णासाठी ड्रम उघडला की उरलेल्या सर्वांसाठी तो उघडलाच गेला, एवढे लक्षात घेऊन ती सोडावी.

ऑटोक्लेव्हमध्ये काय घडते

फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल शांबरलाँ यांनी १८७९ साली पहिला ऑटोक्लेव्ह तयार केला, आणि त्याचे तत्त्व आजही तेच आहे : दाबाखालील वाफ १०० अंशांच्या वर जाते, थंड धातूवर पाणी होऊन जमते आणि जमताना आपली सारी उष्णता त्याला देते. मध्ये हवा अडकली असेल तर वाफ तिथे पोचत नाही, मग दाबाचा काटा काहीही दाखवो. म्हणून उभ्या, कुकरसारख्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफेचा झोत सलग आणि जोरात येऊ लागेपर्यंत झडप उघडी ठेवावी, मगच ती बंद करावी. अशा यंत्रात पाऊचमधील किंवा गुंडाळलेल्या सामानासाठी १२१ अंश आणि १५ पौंड दाबाला ३० मिनिटे द्यावीत, आणि ही वेळ तापमान गाठल्यापासून मोजावी, बटण दाबल्यापासून नव्हे.

बी वर्गातील ऑटोक्लेव्ह पंपाने आतली हवा वारंवार ओढून घेतो, त्यामुळे १३४ अंशांना काही मिनिटांतच काम होते आणि हँडपीसच्या आतल्या नळ्यांतही वाफ जाते. एन वर्गाचे यंत्र फक्त उघड्या, भरीव उपकरणांसाठी असते, पाऊचमधील सामानासाठी किंवा पोकळ नळीच्या उपकरणांसाठी नाही. खरेदी करताना विक्रेत्याला आधी वर्ग विचारावा, लिटरची क्षमता नंतर.

पाऊच आडवे एकावर एक रचू नयेत, रॅकमध्ये पुस्तकांसारखे उभे ठेवावेत, शेजारच्या पाऊचची कागदाची बाजू आपल्या प्लॅस्टिकच्या बाजूकडे येईल अशा रीतीने. यंत्रात फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे. आपल्याकडे बोअरवेलचे पाणी इतके जड असते की काही महिन्यांतच आतल्या भिंतीवर आणि उपकरणांवर पांढरा थर बसतो. फेरी चालू असताना वीज गेली, तर ती फेरी झालीच नाही असे धरून सगळे पुन्हा सुरुवातीपासून करावे. उरलेली मिनिटे नंतर जोडता येत नाहीत. शेवटी पाऊच यंत्रातच पूर्ण वाळू द्यावेत. ओला कागद स्पंजासारखा बाहेरचे जंतू आत ओढून घेतो, म्हणून ओले पाऊच वापरण्याजोगे नसते.

हँडपीस

एअरोटर थांबतो त्या क्षणी तोंडातले पाणी, लाळ आणि रक्त हँडपीसच्या आत ओढले जाऊ शकते, त्यामुळे बाहेरून स्पिरिटने पुसून तो पुढच्या रुग्णाच्या तोंडात घालणे हे जंतुनाशनही नाही. प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस युनिटवरच (खुर्चीला जोडलेल्या हवा-पाण्याच्या यंत्रणेवरच) २० ते ३० सेकंद चालवून पाणी आणि हवा सोडावी, मग तो काढून बाहेरून पुसावा, उत्पादकाने सांगितलेले तेल घालावे, जास्तीचे तेल फिरवून बाहेर काढावे आणि पाऊचमध्ये घालून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवावा. हँडपीस कधीही द्रावणात किंवा अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये बुडवू नये. कॉन्ट्रा-अँगल (कोनात वाकलेला हँडपीस) आणि युनिटपासून सुटणाऱ्या मंदगती मोटरलाही हाच नियम आहे, आणि थ्री-वे सिरिंजची (हवा-पाण्याचा फवारा सोडणाऱ्या नळीची) टोकेही याच वाटेने जातात किंवा एकदा वापरून फेकायची असतात.

ऑटोक्लेव्हमुळे हँडपीस लवकर खराब होतो ही तक्रार मी अनेक सहकाऱ्यांकडून ऐकतो. माझा अनुभव असा की तो बहुतेक वेळा तेल न घालता किंवा नको तितके घालून तापवल्यामुळे खराब होतो. सुरुवातीला पाच-सहा हँडपीस पुरतात, मात्र मग सत्राच्या मध्यावर एक लहान फेरी लावावीच लागते, आणि त्याप्रमाणे अपॉइंटमेंटच्या वहीत जागा मोकळी ठेवावी लागते.

फाइल, बर आणि उष्णता न सोसणाऱ्या वस्तू

मूळनलिकेच्या फाइलींच्या खाचांतून ऊतींचे कण काढणे इतके कठीण आहे की त्या एका रुग्णापुरत्याच ठेवणे मला सर्वांत योग्य वाटते. खुर्चीजवळच्या काचेच्या मण्यांच्या निर्जंतुकावर विसंबू नये. त्यात फाइलचे टोक तापते, पण दांड्याचा भाग मण्यांच्या बाहेरच राहतो आणि सगळीकडे सारखे तापमान मिळत नाही.

अल्जिनेटचे (ठसा घेण्याच्या मऊ पदार्थाचे) इंप्रेशन आधी वाहत्या पाण्याखाली धुवावे, १ टक्का हायपोक्लोराइटचा फवारा मारून बंद पिशवीत १० मिनिटे ठेवावे आणि पुन्हा धुऊनच प्रयोगशाळेत पाठवावे. बाजारातील हायपोक्लोराइट ५ टक्के असेल तर त्याच्या एका भागाला पाण्याचे चार भाग मिसळावेत. हे मिश्रण रोज नवे करावे. डिजिटल क्ष-किरणाचा सेन्सर आणि क्युरिंग लाइटचे (दातात भरलेला पदार्थ प्रकाशाने कडक करणाऱ्या दिव्याचे) टोक यांवर प्रत्येक रुग्णासाठी नवे प्लॅस्टिकचे आवरण चढवावे आणि आवरण काढल्यावर ते उत्पादकाने सुचवलेल्या जंतुनाशकाने पुसावे.

खुर्ची, पृष्ठभाग आणि पाणी

दिव्याचा दांडा, खुर्चीची बटणे आणि ट्रेचा हात यांवर प्लॅस्टिकची फिल्म लावून ती दर रुग्णाला बदलणे हे पुसण्यापेक्षा जलद आणि खात्रीचे आहे. जिथे फिल्म लावता येत नाही तो भाग आधी पुसून स्वच्छ करावा आणि मग जंतुनाशक लावून बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतका ओला राहू द्यावा. स्पिरिट क्षणात उडून जाते आणि रक्तातील प्रथिने पृष्ठभागावर घट्ट बसवते, म्हणून मळलेल्या जागेवर ते वापरू नये.

युनिटच्या बारीक नळ्यांत जंतूंचा बुळबुळीत थर तयार होतो. दिवसाच्या सुरुवातीला नळ्यांतून दोन मिनिटे आणि प्रत्येक रुग्णानंतर २० ते ३० सेकंद पाणी सोडावे; त्याने थर जात नाही, म्हणून उत्पादकाने सांगितलेले नळ्यांचे जंतुनाशकही ठरावीक काळाने वापरावे. नेहमीच्या उपचारांसाठी दर मिलिलिटरला ५०० हून अधिक जंतुवसाहती नसाव्यात, अशी अमेरिकी मर्यादा आहे. शस्त्रक्रियेसाठी युनिटचे पाणी वापरूच नये, निर्जंतुक सलाइन वापरावे आणि तेही एका रुग्णाला एक बाटली या हिशेबाने. तामिळनाडूतील वाणियंबाडी येथे २०२३ साली एका दातांच्या दवाखान्याशी संबंधित रुग्णांना मेंदूपर्यंत पोचणारा मेलिऑइडोसिस हा जिवाणूजन्य आजार झाला आणि आठ जण दगावले. तपासात संशयाची सुई सलाइनच्या बाटलीवर आली : ती पेरिऑस्टियल एलिव्हेटरने (हाडावरील आवरण सोडवण्याच्या उपकरणाने) उघडली जात होती, सैलसर बंद करून ठेवली जात होती आणि पुढच्या रुग्णांसाठी पुन्हा वापरली जात होती. माती आणि पाण्यात राहणारा एक जिवाणू, एक अर्धवट बंद बाटली आणि रोज होणारी एक लहानशी कृती, एवढेच त्यात होते.

खात्री कशी करावी

तपासणी तीन पातळ्यांवर होते. प्रत्येक फेरीत तापमान, दाब आणि वेळ वहीत लिहावी किंवा यंत्राची छापील पट्टी चिकटवावी. पाऊचवरची खूण किंवा बाहेरून लावलेल्या दर्शक टेपवरच्या काळ्या रेघा एवढेच सांगतात की ते पाऊच तापलेल्या यंत्रातून गेले आहे. आतले निर्जंतुक झाले की नाही हे त्या सांगत नाहीत. त्यापेक्षा आतली पाचव्या प्रकारची पट्टी अधिक विश्वासार्ह असते, कारण ती वेळ, तापमान आणि वाफ या तिन्हींना प्रतिसाद देते. आणि आठवड्यातून एकदा बीजाणू चाचणी करावी. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेत टिकणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असलेली कुपी भरलेल्या यंत्रात, वाफ सर्वांत कष्टाने पोचते अशा जागी ठेवायची आणि नंतर, न तापवलेल्या दुसऱ्या कुपीसह, इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. न तापवलेल्या कुपीचा रंग बदलला पाहिजे, तापवलेल्या कुपीचा बदलता कामा नये.

माझ्याकडे एकदा तापवलेल्या कुपीचाही रंग बदलला. टेपवरच्या रेघा नेहमीसारख्याच गडद होत्या, काटा १५ पौंडांवर होता. ते यंत्र मी लगेच बाजूला ठेवले, दुसऱ्या सत्राच्या रुग्णांना पुढची वेळ दिली, आणि शोधताना दोन गोष्टी सापडल्या : झाकणाच्या रबरी रिंगला कडेला तडा गेला होता, आणि घाईच्या दिवसांत पाऊच इतके दाटीने भरले जात होते की मधल्या पाऊचपर्यंत वाफ जातच नव्हती. रिंग बदलली, कमी सामान भरून पुन्हा चाचणी घेतली, ती चांगली आली, तेव्हाच यंत्र वापरात घेतले. दुसरी चाचणीही बिघडली असती, तर शेवटच्या चांगल्या चाचणीनंतर तयार झालेले प्रत्येक पाऊच परत बोलावून पुन्हा धुण्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्यासाठीच पाऊचवर फेरीचा क्रमांक असावा लागतो. अमेरिकेत ओक्लाहोमातील टल्सा येथे २०१३ साली एका दंतशल्यचिकित्सकाच्या हजारो रुग्णांना रक्ततपासणीसाठी बोलवावे लागले, आणि एका रुग्णाकडून दुसऱ्या रुग्णाला हिपॅटायटिस सी झाल्याचे सिद्ध झाले. तिथल्या ऑटोक्लेव्हची बीजाणू चाचणी सहा वर्षे झालेली नव्हती.

तयार पाऊच बंद, कोरड्या कपाटात, बेसिनपासून दूर ठेवावेत. जुने पुढे, नवे मागे. फाटलेले, ओले झालेले किंवा जमिनीवर पडलेले पाऊच पुन्हा धुण्याच्या बाजूला जाते. पाऊच रुग्ण खुर्चीत बसल्यावर त्याच्यासमोर उघडावे आणि आतल्या पट्टीचा रंग मदतनिसाने पाहूनच उपकरण ट्रेवर ठेवावे. रात्री यंत्र थंड झाल्यावर झाकणाची रिंग ओल्या मऊ कापडाने पुसावी, उत्पादकाने सांगितले असेल त्याप्रमाणे पाणी काढून टाकावे, अल्ट्रासॉनिकचे द्रावण ओतून टाकी कोरडी करावी, आणि वहीत त्या दिवसाच्या शेवटच्या फेरीपुढे ती लावणाऱ्याची सही घ्यावी.